विश्लेषण : अंतराळातून परतणाऱ्या यानाला लागणारी आग प्रयोगशाळेत कशी मोजतात?

अंतराळातून पृथ्वीवर परतणाऱ्या यानासमोरची हवा काही हजार अंशांपर्यंत तापते. अशी आग जमिनीवरच्या प्रयोगशाळेत निर्माण करता येते. मात्र ती यानाच्या पृष्ठभागावर नेमकी किती उष्णता ओतते, हे मोजणे अधिक अवघड असते. या एका आकड्यावर यानाच्या कवचाची जाडी, यानाचे वजन आणि आतील अंतराळवीरांचे प्राण अवलंबून असतात. भारताची गगनयान मोहीम आकाराला येत असताना हे मोजमाप समजून घेणे महत्त्वाचे ठरते.

ओरायन यानाच्या कवचाचे काय झाले?

नासाचे ओरायन यान चंद्राची फेरी करून ११ डिसेंबर २०२२ रोजी प्रशांत महासागरात उतरले. आर्टेमिस-१ या मोहिमेत यानात माणसे नव्हती. यान सुखरूप होते आणि आतील तापमानही अंतराळवीरांना सोसेल असेच राहिले होते. मात्र, तळाचे सुमारे पाच मीटर व्यासाचे उष्णतारोधक कवच तपासल्यावर अभियंत्यांना धक्का बसला. शंभराहून अधिक ठिकाणी कवचाच्या जळालेल्या थराचे तुकडे निघून गेले होते. हे कवच ‘अ‍ॅव्हकोट’ नावाच्या पदार्थाचे आहे. हा पदार्थ हळूहळू जळावा, त्याचा कोळसा व्हावा आणि तो थराथराने झिजावा अशी अपेक्षा असते. त्याचे तुकडे उडून जाणे अपेक्षित नव्हते.

नासाने या प्रकाराचा निष्कर्ष डिसेंबर २०२४ मध्ये जाहीर केला. तोवर वेगवेगळ्या प्रयोगशाळांत १२१ चाचण्या झाल्या होत्या. तळ्यात फेकलेला चपटा दगड पाण्यावर टप्पा घेऊन पुढे जातो, तसे ओरायन वातावरणात एकदा शिरून किंचित वर आले होते आणि मग पुन्हा खाली उतरले होते. या मधल्या काळात बाहेरचा उष्णतेचा मारा कमी झाला. पण आत मुरलेल्या उष्णतेमुळे अ‍ॅव्हकोटमध्ये वायू तयार होतच राहिले. ते बाहेर पडायला वाट नव्हती. दाब वाढला, तडे गेले आणि तुकडे निघाले.

या निष्कर्षातील सर्वात महत्त्वाची बाब उड्डाणापूर्वीच्या चाचण्यांविषयी होती. जमिनीवरच्या चाचण्यांतील उष्णतेचा मारा प्रत्यक्ष उड्डाणापेक्षा जास्त होता. जास्त माऱ्यात सच्छिद्र कोळसा पटकन तयार होतो आणि त्यातून वायू निसटतात. कमी माऱ्यात ही प्रक्रिया मंदावली आणि दोष उघड झाला. ‘जास्त कडक परीक्षा म्हणजे जास्त सुरक्षितता’ हा समज येथे चुकीचा ठरला. परीक्षा किती कडक आहे यापेक्षा ती प्रत्यक्षाशी किती जुळते हे महत्त्वाचे असते. ते कळण्यासाठी आधी उष्णता अचूक मोजता यावी लागते.

यान तापते ते घर्षणामुळेच का?

शाळेत बहुतेकांना हेच उत्तर शिकवले जाते, पण ते अपुरे आहे. पृथ्वीलगतच्या कक्षेतील यानाचा वेग सेकंदाला सुमारे ७.८ किलोमीटर असतो. या वेगाने येणाऱ्या यानासमोरच्या हवेला बाजूला सरकायला वेळच मिळत नाही. ती यानापुढे दाबली जाते आणि तेथे आघात तरंग तयार होतो. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचे खालचे टोक गरम होते, ते मुख्यतः हवा दाबली गेल्यामुळे. येथेही तेच घडते, फक्त प्रमाण अवाढव्य असते.

या वेगाला यानाच्या प्रत्येक किलो वजनामागे सुमारे ३ कोटी ज्यूल इतकी गतिज ऊर्जा असते. नळाचे साधारण १२ लिटर पाणी उकळून पूर्णपणे वाफ करायला एवढी ऊर्जा लागते. चंद्रावरून परतताना वेग सेकंदाला ११ किलोमीटरच्या घरात जातो आणि ऊर्जा दुप्पट होते. ही सगळी ऊर्जा यानात शिरली असती तर कोणतेच यान परत आले नसते. सुदैवाने तिचा फार मोठा भाग भोवतालच्या हवेतच विखुरतो.

याचे श्रेय यानाच्या बोथट आकाराला जाते. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतील एच. ज्युलियन अ‍ॅलन यांनी दाखवून दिले, की टोकदार नाकापेक्षा बोथट नाक कमी तापते. बोथट आकारामुळे आघात तरंग पृष्ठभागापासून दूर राहतो. अंदाजासाठी वापरल्या जाणाऱ्या सूत्रानुसार नाकाची त्रिज्या चौपट केली तर तेथील उष्णतेचा मारा निम्मा होतो. उलट वेग वाढला तर मारा साधारण वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढतो.

तापमान न सांगता ‘हीट फ्लक्स’ का सांगतात?

दोनशे अंशांच्या ओव्हनमध्ये हात क्षणभर घालता येतो. मात्र शंभर अंशांच्या उकळत्या पाण्यात बोट बुडवले तर लगेच भाजते. तापमान ओव्हनचे जास्त आहे, पण पाणी त्वचेला दर सेकंदाला कितीतरी जास्त उष्णता देते. पृष्ठभागाच्या ठरावीक क्षेत्रफळावर दर सेकंदाला येणाऱ्या या उष्णतेला ‘हीट फ्लक्स’ म्हणतात. यानाच्या अभ्यासात तो सहसा ‘वॅट प्रति चौरस सेंटिमीटर’ या एककात सांगितला जातो.

भर दुपारी निरभ्र आकाशातून येणारे ऊन दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ०.१ वॅट देते. घरच्या गॅसच्या मोठ्या शेगडीवर ठेवलेल्या पातेल्याच्या बुडाला दर चौरस सेंटिमीटरला काही वॅट मिळतात. धूमकेतूची धूळ घेऊन १५ जानेवारी २००६ रोजी पृथ्वीवर परतलेल्या नासाच्या ‘स्टारडस्ट’ कुपीचा वेग सेकंदाला सुमारे १२.९ किलोमीटर होता. तिच्या नाकावरचा कमाल हीट फ्लक्स दर चौरस सेंटिमीटरला हजार वॅटच्या पुढे गेल्याचा अंदाज आहे. म्हणजे दहा हजारांहून अधिक सूर्य एकाच वेळी एका जागी तळपावेत तसे.

अभियंत्यांना दोन आकडे हवे असतात. कमाल हीट फ्लक्सवरून कवचासाठी कोणता पदार्थ वापरायचा ते ठरते. संपूर्ण प्रवेशकाळात साठलेल्या एकूण उष्णतेवरून त्या पदार्थाची जाडी ठरते. पहिल्या आकड्यात चूक झाली तर पदार्थच टिकत नाही. दुसऱ्यात चूक झाली तर कवच टिकते, पण त्यामागची धातूची चौकट तापते.

ही आग जमिनीवर कशी निर्माण करतात?

यासाठी प्रामुख्याने ‘आर्क जेट’ किंवा ‘प्लाझ्मा विंड टनेल’ वापरतात. त्यात दोन इलेक्ट्रोडमध्ये प्रचंड क्षमतेची विद्युत ठिणगी सतत पेटती ठेवली जाते आणि त्यातून हवा सोडली जाते. हवा काही हजार अंशांपर्यंत तापते, तिच्यातील रेणू फुटतात आणि ती नॉझलमधून जवळपास निर्वात कक्षात सुसाट बाहेर पडते. या झोतात कवचाचा नमुना यांत्रिक हाताने आत सरकवला जातो. काही सेकंद ते काही मिनिटे तो तेथे ठेवतात.

कॅलिफोर्नियातील नासाच्या एम्स केंद्रात ६० मेगावॉटची अशी सुविधा आहे. इटलीत कापुआ येथील ‘शिरोको’ ७० मेगावॉटची आहे. एका छोट्या शहराला पुरेल एवढी वीज येथे एका नमुन्यासाठी खर्ची पडते. बेल्जियममधील व्हॉन कारमान संस्थेच्या ‘प्लाझ्माट्रॉन’मध्ये इलेक्ट्रोडऐवजी विद्युतचुंबकीय क्षेत्राने वायू तापवला जातो. त्यामुळे इलेक्ट्रोडच्या धातूचे कण झोतात मिसळत नाहीत. भारतात तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्रात (व्हीएसएससी) प्लाझ्मा विंड टनेल आहे.

मात्र उड्डाणातील वेग, घनता, दाब, यानाचा आकार आणि कालावधी या सर्व गोष्टी कोणतीही प्रयोगशाळा एकाच वेळी तंतोतंत उभ्या करू शकत नाही. म्हणून यानाच्या नाकाजवळच्या हवेची ऊर्जा, तिथला दाब आणि पृष्ठभागालगत हवा कोणत्या दराने बाजूला पसरते, या मोजक्या गोष्टी जुळवल्या जातात. त्या जुळल्या तर पृष्ठभागावर येणारा हीट फ्लक्सही उड्डाणासारखा असतो. पण त्या जुळल्या की नाही, हे शेवटी मोजमापकच सांगतो.

तांब्याच्या तुकड्याने उष्णता कशी मोजतात?

सर्वात साधे उपकरण म्हणजे ‘स्लग कॅलरीमीटर’. नमुन्याच्याच आकाराच्या धारकात तांब्याची एक छोटी गुटी बसवतात. तिच्या बाजूंनी उष्णता निसटू नये म्हणून भोवती उष्णतारोधक पदार्थ असतो. मागच्या बाजूला तापमान मोजणारे थर्मोकपल जोडलेले असते. गुटी झोतात गेली की तिचे तापमान दर सेकंदाला किती वाढते ते नोंदवायचे. तांब्याची घनता, विशिष्ट उष्णता आणि गुटीची जाडी ठाऊक असल्याने हीट फ्लक्स सरळ गुणाकाराने निघतो.

गुटी १ सेंटिमीटर जाडीची आणि मारा दर चौरस सेंटिमीटरला १०० वॅट असेल, तर तापमान सेकंदाला सुमारे २९ अंशांनी वाढते. मारा हजार वॅट असेल तर सेकंदाला सुमारे २९० अंशांनी. तांबे १,०८५ अंशांना वितळते. म्हणजे साडेतीन-चार सेकंदांत उपकरण संपले. त्यामुळे ते एक-दोन सेकंदांत झोताबाहेर काढावे लागते. फार लवकर काढले तर गुटीत उष्णता स्थिरपणे पसरलेली नसते, उशिरा काढले तर ती बाजूंनी गळू लागते. मोजणी करायची ती या दोहोंच्या मधल्या क्षणी.

दीर्घकाळ मोजायचे असेल तर पाण्याने थंड होणारा कॅलरीमीटर वापरतात. त्याचे तत्त्व घरच्या गीझरसारखे आहे. आत येणारे पाणी किती, बाहेर जाताना ते किती अंशांनी तापले, यावरून उष्णता निघते. १ चौरस सेंटिमीटरवर हजार वॅटचा मारा असताना मिनिटाला १ लिटर पाणी फिरवले तर ते साधारण १४ अंशांनी तापते. हे उपकरण टिकते, पण त्याचा प्रतिसाद मंद असतो. झोतातील क्षणिक चढउतार ते पकडू शकत नाही.

तिसरा प्रकार ‘नल पॉइंट’ कॅलरीमीटरचा. यात तांब्याला मागून एक बारीक छिद्र पाडतात. त्याची खोली आणि व्यास असे ठरवलेले असतात, की छिद्राच्या तळाचे तापमान पृष्ठभागाच्या तापमानाबरोबरीने वाढते. असा मोजमापक झोतातून सर्रकन आडवा फिरवतात. पेटत्या निरांजनाच्या ज्योतीवरून बोट झरकन फिरवावे तसे. झोताच्या मध्यभागी मारा किती आणि कडेला किती, हे त्यातून कळते.

‘गार्डन गेज’ काय असते?

रॉबर्ट गार्डन यांनी १९५३ मध्ये मांडलेली ही युक्ती आजही सर्रास वापरली जाते. तांबे आणि निकेल यांच्या ‘कॉन्स्टंटन’ या मिश्रधातूची अतिशय पातळ गोल चकती तांब्याच्या जाड नळीच्या तोंडावर बसवतात. चकतीच्या मध्यभागी मागून तांब्याची बारीक तार जोडलेली असते. चकतीवर पडलेली उष्णता मध्यापासून कडेकडे वाहते आणि तांब्याच्या नळीत शोषली जाते. त्यामुळे मध्यभाग कडेपेक्षा गरम राहतो. तांबे आणि कॉन्स्टंटन यांच्या सांध्यांवर या फरकामुळे काही मिलिव्होल्टचा विद्युतदाब तयार होतो. तो हीट फ्लक्सच्या जवळपास सरळ प्रमाणात असतो.

चकतीची त्रिज्या दुप्पट केली तर तापमानातील फरक चौपट होतो, म्हणजे उपकरण अधिक संवेदनशील होते. पण त्याच वेळी ते मंद होते आणि चकती लवकर वितळण्याचा धोका वाढतो. त्यामुळे तीव्र माऱ्यासाठी लहान चकतीचे गेज घ्यावे लागते.

गार्डन गेजची खरी मेख त्याच्या प्रमाणीकरणात आहे. प्रयोगशाळेत ते सहसा तप्त भट्टीतून येणाऱ्या प्रारणासमोर ठेवून तपासले जाते. तेथे चकतीच्या प्रत्येक बिंदूवर सारखाच मारा होतो. आर्क जेटमध्ये मात्र उष्णता मुख्यतः वाहत्या वायूमधून येते. वायूकडून मिळणारी उष्णता वायू आणि पृष्ठभाग यांच्या तापमानातील फरकावर अवलंबून असते. चकतीचा मध्य गरम असल्याने तो कडेपेक्षा कमी उष्णता घेतो. परिणामी, प्रारणाने प्रमाणित केलेले गेज वाहत्या वायूत प्रत्यक्षापेक्षा कमी आकडा दाखवू शकते. उपकरण बिघडलेले नसते. ते एका परिस्थितीत तपासलेले आणि दुसऱ्या परिस्थितीत वापरलेले असते.

मोजमापकच आकडा कसा बदलतो?

या क्षेत्रातील सर्वात कठीण प्रश्न हाच आहे. झोतातील हवा साधी नसते. ऑक्सिजन आणि नायट्रोजनच्या रेणूंचे तुकडे होऊन त्यांचे सुटे अणू वाहत असतात. हे अणू पृष्ठभागावर येऊन पुन्हा जोडले गेले तर जोडणीची ऊर्जा त्या पृष्ठभागाला मिळते. अणू जोडून देण्याची ही क्षमता, म्हणजे उत्प्रेरकता, प्रत्येक पदार्थाची वेगळी असते. तांबे अणूंना सहज जोडते, काचेसारखे पदार्थ फारसे नाही. म्हणजे एकाच झोतात, एकाच जागी, तांब्याचा मोजमापक आणि काचेचे आवरण असलेला नमुना वेगवेगळी उष्णता घेतात. काही परिस्थितींत हा फरक दुपटीहून अधिक असू शकतो.

याचा पुरावा प्रत्यक्ष उड्डाणातही मिळाला. अमेरिकेच्या स्पेस शटलच्या काळ्या टाइल्सवर कमी उत्प्रेरक असे काचेचे आवरण असे. नोव्हेंबर १९८१ मधील दुसऱ्या शटल मोहिमेपासून नासाने काही निवडक टाइल्सवर मुद्दाम जास्त उत्प्रेरक लेप लावून पाहिला. परतीच्या प्रवासात त्या टाइल्स शेजारच्या टाइल्सपेक्षा अधिक तापल्या. हवा तीच, यान तेच, फरक फक्त लेपाचा होता.

त्यात आणखी गुंता असा, की गरम ऑक्सिजनमध्ये तांब्याचा पृष्ठभाग काळवंडतो. त्यावर ऑक्साइड चढले की त्याची उत्प्रेरकताही बदलते. चकचकीत घासलेला मोजमापक आणि चार वेळा वापरलेला मोजमापक एकच आकडा देतील याची खात्री नसते. शिवाय तांब्याचा मोजमापक थंड असतो, तर खरे कवच तापून लाल झालेले असते. म्हणून मोजलेला आकडा ‘थंड पृष्ठभागाचा हीट फ्लक्स’ असतो. त्यावरून कवचाला मिळणारी उष्णता गणिताने काढावी लागते.

अनेकदा झोतातील हवेची ऊर्जा थेट मोजता येत नाही. ती तांब्याने मोजलेल्या हीट फ्लक्सवरून आणि दाबावरून उलटी काढली जाते. तांबे ‘पूर्ण उत्प्रेरक’ आहे असे गृहीत धरले आणि ते तसे नसले, तर झोताची ऊर्जाच चुकीची ठरते. मग त्या झोतात तपासलेल्या प्रत्येक नमुन्याच्या निकालात ती चूक उतरते. यामुळेच एकाच झोतात वेगवेगळ्या प्रकारचे, वेगवेगळ्या पदार्थांचे मोजमापक आळीपाळीने घालून आकडे ताडून पाहतात. त्यांत दहा टक्क्यांहून अधिक तफावत येणे या क्षेत्रात नवलाचे मानले जात नाही.

काही मिलिसेकंदांत मोजणी कशी होते?

आर्क जेटमध्ये कवचाचा पदार्थ तपासता येतो. पण संपूर्ण यानाच्या आकारावर उष्णता कोठे किती पडते, हे पाहायला ‘शॉक टनेल’ लागते. त्यात उच्च दाबाचा वायू पडदा फोडून एकदम सोडला जातो आणि यानाच्या छोट्या प्रतिकृतीवरून अतिवेगवान झोत जातो. हा सारा खेळ काही मिलिसेकंदांत संपतो. डोळ्याची पापणी लवायला यापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो.

इतक्या थोड्या वेळात तांब्याची गुटी तापलेली कळणारही नाही. म्हणून प्रतिकृतीवर प्लॅटिनमचा अत्यंत पातळ थर चढवतात. तापमान बदलले की प्लॅटिनमचा विद्युतरोध बदलतो आणि तो मिलिसेकंदाच्या अंशात नोंदवता येतो. झोत जास्त तीव्र असेल तर हा नाजूक थर खरवडला जातो. तेव्हा एका धातूच्या नळीत दुसऱ्या धातूची तार बसवलेले मजबूत थर्मोकपल वापरतात.

या तंत्रात भारताचा अनुभव जुना आहे. बंगळूरुच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९७० च्या दशकापासून हायपरसॉनिक शॉक टनेलवर काम सुरू आहे. व्हीएसएससीमध्ये २०१७ साली एक मीटर व्यासाची हायपरसॉनिक विंड टनेल आणि शॉक टनेल सुरू झाली. या संकुलाला सतीश धवन यांचे नाव देण्यात आले आहे.

प्रत्यक्ष उड्डाणात मोजमाप का करतात?

प्रयोगशाळेतील आकडा खरा की खोटा, याचा निवाडा शेवटी उड्डाणातच होतो. अपोलोच्या तयारीसाठी नासाने मे १९६५ मध्ये ‘फायर-२’ ही कुपी सेकंदाला ११ किलोमीटरहून अधिक वेगाने वातावरणात सोडली. तिच्या नाकावर बेरिलियम धातूचे तीन मोजमापक थर एकामागे एक ठेवले होते. पहिला थर मोजणी करून वितळू लागला की तो आणि त्यामागचे संरक्षक आवरण टाकून दिले जाई. मग दुसरा ताजा थर उघडा पडे. मोजमापक जळणार हे मान्य करूनच मोजमापाची आखणी केली होती.

गॅलिलिओ मोहिमेची कुपी ७ डिसेंबर १९९५ रोजी गुरू ग्रहाच्या वातावरणात सेकंदाला सुमारे ४७ किलोमीटर वेगाने शिरली. ३३९ किलोच्या कुपीत १५२ किलो वजन केवळ कवचाचे होते. कवच किती झिजले हे सांगणारे संवेदक त्यात बसवले होते. त्यांनी दाखवले, की नाकाजवळ झीज अंदाजापेक्षा कमी आणि खांद्याजवळ अंदाजापेक्षा जास्त झाली होती. एकूण अंदाज ठीक वाटत असताना एका जागी मात्र कवच धोक्याच्या जवळ गेले होते.

कल्पना चावला यांच्यासह सात अंतराळवीरांचा बळी घेणाऱ्या १ फेब्रुवारी २००३ च्या कोलंबिया दुर्घटनेत डाव्या पंखाच्या पुढच्या कडेला पडलेल्या भगदाडातून तप्त वायू आत शिरला होता. टेक्सासमध्ये जमिनीवर सापडलेल्या यानातील एका रेकॉर्डरमध्ये पंखातील संवेदकांच्या नोंदी शिल्लक होत्या. उष्णता कोठून आणि केव्हा आत आली, हे ठरवताना त्या निर्णायक ठरल्या. मंगळावर २०१२ मध्ये उतरलेल्या ‘क्युरिऑसिटी’ आणि २०२१ मध्ये उतरलेल्या ‘पर्सिव्हरन्स’ यांच्या कवचांतही थर्मोकपल बसवलेले होते. कवचाच्या आत वेगवेगळ्या खोलीवर मोजलेल्या तापमानांवरून पृष्ठभागावरची उष्णता उलट गणिताने काढली जाते.

आकडा चुकला तर काय होते?

मारा कमी धरला तर कवच अपुरे पडते, हे उघड आहे. जास्त धरला तर कवच जाड होते. कवचाचा प्रत्येक जादा किलो हा यानातील उपकरणे, इंधन किंवा पॅराशूट यांच्या वजनातून वजा होतो. म्हणून अनिश्चितता जितकी मोठी तितके ‘सुरक्षेसाठी जादा’ वजन वाहून न्यावे लागते. मोजमाप सुधारणे हा वजन वाचवण्याचाही मार्ग आहे.

कधी कधी चाचणी पदार्थालाच बाद करते. ‘क्युरिऑसिटी’साठी आधीच्या मंगळ मोहिमांत वापरलेला हलका पदार्थ निवडला होता. मात्र तीव्र उष्णता आणि पृष्ठभागाला घासत जाणारा प्रवाह यांच्या एकत्रित माऱ्यात तो आर्क जेटमध्ये टिकला नाही. मग त्याऐवजी स्टारडस्टवर सिद्ध झालेला ‘पिका’ हा पदार्थ घेण्यात आला. हा दोष प्रयोगशाळेत सापडला. ओरायनचा दोष मात्र प्रयोगशाळेत निसटला आणि उड्डाणात दिसला. आर्टेमिस-२ साठी नासाने कवच तेच ठेवून परतीचा मार्ग बदलण्याचा निर्णय घेतला.

भारतासाठी याचे महत्त्व काय?

भारताने या वाटेवर टप्प्याटप्प्याने पावले टाकली आहेत. १० जानेवारी २००७ रोजी प्रक्षेपित झालेली ‘एसआरई-१’ ही कुपी १२ दिवस कक्षेत राहून २२ जानेवारीला बंगालच्या उपसागरात सुखरूप उतरली. तिच्यावर सिलिकाच्या टाइल्स आणि नाकावर कार्बन-फिनॉलिकचे झिजणारे कवच होते. १८ डिसेंबर २०१४ रोजी ‘केअर’ ही मानवी कुपीची प्रतिकृती सुमारे १२६ किलोमीटर उंचीवरून परतली. त्या वेळी पूर्ण कक्षीय वेग नव्हता. २३ मे २०१६ रोजी पुनर्वापरायोग्य यानाच्या ‘आरएलव्ही-टीडी’ या प्रारूपाची चाचणी झाली.

गगनयानमध्ये प्रथमच भारतीय कुपीतून माणसे सुमारे ४०० किलोमीटर उंचीच्या कक्षेतून परततील. त्याआधीच्या मानवविरहित उड्डाणांचे महत्त्व यामुळेच आहे. कुपी सुखरूप उतरली एवढ्याने काम भागत नाही. ओरायनही सुखरूपच उतरले होते. कवच कोठे किती तापले, किती झिजले आणि प्लाझ्मा विंड टनेलमध्ये मोजलेल्या आकड्यांशी ते किती जुळले, हे तपासल्यावरच पुढच्या उड्डाणात माणसे बसवण्याचा निर्णय घेता येतो.